सिस्टरबाईंचं ‘हाव’

आमच्या चर्चमध्ये लहान बाळाचा बाप्तिस्मा असला की पाळकसाहेब तीन प्रश्न विचारतात. दोन आईबापांना आणि तिसरा सगळ्या मंडळीला. ‘या लेकराला प्रभूच्या मार्गात वाढवण्यासाठी तुम्ही याच्या आईबापांना मदत कराल काय?’ मग मंडळी उभी राहते आणि ‘होय, देवाच्या साहाय्यानं करू’ असं म्हणते. म्हणते म्हणजे पुटपुटते. पुस्तकात छापलेलं असतं, ते वाचून टाकायचं. तोवर बाहेर ऊन चढलेलं असतं, पंखे नुसते आवाज करत असतात आणि सगळ्यांचं लक्ष बाळ पाणी लागल्यावर रडतं की नाही याकडे असतं. मी स्वतः लग्नाआधी असल्या कितीतरी लेकरांना ‘होय’ म्हटलं असेल. त्यातल्या एकाचंही नाव मला आज सांगता येणार नाही.

सिस्टरबाई पुटपुटत नसत. सगळ्यांचं ‘होय’ म्हणून झालं, बाकं करकरून शांत झाली की डाव्या दाराजवळच्या बाकावरून त्यांचा एकटीचा आवाज येई. ‘हाव!’ एवढंच, पण असं की वरच्या झरोक्यातलं कबूतर उडावं. नवीन आलेले पाळकसाहेब पहिल्या वेळी दचकत, दुसऱ्या वेळी हसू दाबत आणि तिसऱ्या वेळेपासून त्या ‘हाव’साठी थांबायला शिकत. ते आलं की मगच पाळकसाहेब पाण्यात हात घालत. एकदा कोणीतरी त्यांना विचारलं, ‘सिस्टरबाई, पुस्तकात होय लिहिलंय, तुम्ही हाव काहून म्हणता?’ तर म्हणाल्या, ‘होय पुस्तकातलं हाय. ते म्हणून मानूस घरी जाते, जेवते अन् झोपते. हाव म्हटलं का करा लागते.’

आणि त्या करत. हीच सगळी भानगड होती.

त्यांचं नाव आमच्यापैकी कोणी घेत नसे. एका मिशनच्या दवाखान्यात त्यांनी बाळंतपणाच्या वॉर्डात उभा जन्म काढला होता, म्हणून सिस्टरबाई. लग्न केलेलं नव्हतं. चर्चच्या आवारातल्या मागच्या चाळीत एका खोलीत राहत. सुती पातळ, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि फिरायला लेडीज सायकल. सत्तरी ओलांडल्यावरही सायकल. मे महिन्यात जेव्हा नागपुरातली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात, तेव्हा ही बाई डोक्याला ओला पंचा गुंडाळून, त्यावर कोणाचं तरी जुनं हेल्मेट चढवून दुपारी एक वाजता धंतोलीच्या चौकातून निघालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी हाक मारली तर थांबल्यासुद्धा नाहीत. ‘लेकरू उठते दीड वाजता,’ एवढं ओरडून पुढे गेल्या. कोणाचं लेकरू, ते त्यांनाच ठाऊक.

ज्या ज्या लेकराला त्यांनी ‘हाव’ म्हटलं होतं, त्याच्या घरी जायचा आपल्याला हक्क आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि घरी आल्यावर त्या मोठ्यांशी आधी बोलत नसत. दारात उभ्या राहून लेकराला विचारत, ‘मी बसू का?’ लेकरू दोन महिन्यांचं असलं तरी. बाळ हातपाय हलवी, त्याचा जो अर्थ त्यांना लागे तो घेऊन त्या बसत. एखाद वेळी लेकरू झोपेतून उठून किरकिर करत असलं तर ‘आज नाई म्हणते’ असं म्हणून दारातूनच परत जात आणि आपण चहाचं आधण ठेवलेलं तसंच उकळत राही. आमच्या सासूबाईंना याचा फार राग येई. ‘बाई घरात मोठी माणसं आहेत का नाहीत?’ असं त्या सिस्टरबाई गेल्यावर भिंतीला विचारत.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तोवर ‘हाव’ म्हटलेली पहिली लेकरं आजोबा व्हायला आली होती, तरी त्यांची सुटका नव्हती. एकदा मी त्यांच्याबरोबर सीताबर्डीवर गेले होते. तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा एक चांगला दाढीवाला, दंडावर गोंदलेला माणूस गिऱ्हाईक सोडून आमच्यासमोर आला आणि मुकाट्यानं कंबरेत वाकला. सिस्टरबाईंनी त्याचा एक कान पाहिला, दुसरा पाहिला, म्हणाल्या, ‘बरं हाय. माय कशी हाय तुही?’ कान पाहणं ही त्यांची खास तपासणी. लेकराच्या कानावरून घर समजते, असं त्यांचं म्हणणं. त्या भर बाजारात दाढीवाल्यानं ‘गुडघे दुखते म्हणते’ असं शाळकरी पोरासारखं उत्तर दिलं. मला हसू आवरेना, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हासून काहून राहिली वं? तुहे कान बी पाहीन.’

आमची सारा झाली तेव्हा तिलाही असंच दणदणीत ‘हाव’ मिळालं. मला त्या वेळी फार गंमत वाटली होती. आपल्याला काय मिळालंय हे मला कळायला पाच वर्षं लागली.

आता आमच्याबद्दल सांगते. नवरा कळमेश्वरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत, मी धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. दिवसभर लोकांच्या लेकरांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, हे माझं काम. आणि उरलेला सगळा वेळ तरुण संघाला. चर्चमधली कॉलेजची मुलंमुली, खेड्यांतून नर्सिंगला आलेल्या पोरी, नोकरीच्या शोधात आलेले पोट्टे, या सगळ्यांचा हा संघ. शनिवारी संध्याकाळी सभा, रविवारी उपासनेत गायन, मधे कोणी आजारी, कोणी नापास, कोणाचं घरी भांडण. उन्हाळ्यात शिबिर, डिसेंबरात कॅरल. नवरा गिटार वाजवतो आणि माणसं जमवतो, मी गाते आणि त्यांची रडगाणी ऐकते. ते काम खोटं नव्हतं, हे मी आजही छातीला हात लावून सांगेन. एक मुलगा इंजिनिअरिंग सोडून कुठेतरी निघून जाणार होता, तो आमच्या स्वयंपाकघरात तीन संध्याकाळी बसला आणि राहिला. आज तो चांगला कमावतो आणि आईला फोन करतो. अशी माणसं आपल्या घरात घडताना पाहिली की अंगावर मूठभर मांस चढतं. आणि चढलेलं मांस कोणाला उतरवावंसं वाटत नाही.

सारा या गर्दीतच वाढली. ती कडेवर कोणाच्या आहे हे मी विचारणं लवकरच सोडलं, कारण ती कोणाच्या तरी असेच. एका ताईकडून दुसऱ्या दादाकडे. गिटारच्या पिशवीवर झोपे, सभेतल्या बिस्किटांवर तिचं रात्रीचं जेवण होई. दोन वर्षांची असताना ती कोणाकडेही जाई, रडत नसे. ‘किती सोशल आहे!’ असं सगळे म्हणत आणि आम्ही दोघं फुलून येत असू. ‘सेवेत वाढलेलं लेकरू आहे,’ असं नवरा अभिमानानं सांगे. सिस्टरबाई हे ऐकून एकदा म्हणाल्या, ‘लेकरू कोणाकडंबी जाते म्हणजे चांगलं असते असं नाई गा. कधी कधी त्याले समजलं असते का आपली माय मोकळी नाई.’ नवरा हसला. मीही हसले. म्हातारी माणसं बोलतात.

दर बुधवारी त्या यायच्या. साराला ‘बसू का?’ विचारायच्या, साराही मोठ्या तोऱ्यात ‘बसा’ म्हणायची. मग दोघी खाली चटईवर बसून एकच चित्रांचं पुस्तक पुन्हा पुन्हा बघत. मी त्या वेळात शनिवारच्या सभेचे फोन उरकून घेई. चांगली सोय होती.

साराचा धाकटा भाऊ जोएल तीन महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. असाच बुधवार. सिस्टरबाईंनी साराला जवळ घेतलं, डावा कान पाहिला, उजवा पाहायला गेल्या तर ती बाजूला सरकली. त्यांनी पुन्हा हात नेला, ती पुन्हा सरकली. मी फोनवर होते. सिस्टरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘फोन ठेव.’ आवाज वॉर्डातला होता. मी ठेवला. साराच्या कानातून पाणी येत होतं आणि त्या बाजूचा गाल सुजलेला होता. मी सकाळी तिची वेणी घातली होती, डबा भरला होता, शाळेच्या रिक्षात बसवलं होतं आणि मला काही दिसलं नव्हतं.

‘कधीपासून दुखून राहिलं, सारा?’ सिस्टरबाईंनी विचारलं.

‘शनिवारपासून.’

‘अन् सांगतलं काहून नाई?’

साराला तो प्रश्नच विचित्र वाटला असावा. ती म्हणाली, ‘शनिवारी मीटिंग असते ना. रविवारी चर्च असते. मंग सोमवारी ती रडणारी ताई आली होती.’ मग आठवून म्हणाली, ‘एका ताईला सांगतलं होतं. तिनं चॉकलेट दिलं.’

त्या ताईला मी नंतर विचारलं. बिचारी रडायला लागली. तिला वाटलं होतं, दुसऱ्या कोणी तरी आम्हाला सांगितलं असेल. दुसऱ्यांना वाटलं होतं, आम्हाला माहीतच असेल. जे लेकरू सगळ्यांचं असतं त्याचं असंच होतं. आणि मला काय वाटलं होतं? मला वाटलं होतं, साराला काही झालं तर इतकी माणसं आहेत, कोणी ना कोणी सांगेलच.

डॉक्टरांनी पडदा फाटलाय म्हणून सांगितलं, आपोआप भरून येईल, पाणी जाऊ देऊ नका. मी ज्या रस्त्यावर रोज नोकरीला जाते त्याच रस्त्यावरचा तो दवाखाना. परत येताना रिक्षात सारा माझ्या मांडीवर झोपली आणि मी ढसाढसा रडले. खरं सांगायचं तर त्या रडण्यात लाजेइतकाच राग होता, आणि राग सिस्टरबाईंवर होता, कारण त्यांना आधी दिसलं होतं.

पुढच्या बुधवारी त्या आल्या आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘शनिवार बंद कर.’

मी म्हटलं, ‘असं एकदम कसं बंद करता येईल? चाळीस मुलं आहेत, सिस्टरबाई.’

‘ते पोट्टे मोठे हायेत. त्यायले घड्याळ समजते. थांबा म्हटलं का थांबतात. हिले समजत नाई, अन् ही बी थांबून राहिली.’

‘एकदा कान दुखला म्हणून सगळं सोडून घरी बसू? देवाचं काम आहे हे.’

‘हे कोणाचं काम हाय मंग?’ त्यांनी सारावर बोट ठेवून विचारलं.

तेव्हा मी ते बोलले. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी म्हटलं, ‘तुम्हाला नाही कळणार. तुम्हाला मुलंबाळं नाहीत.’

नवरा आतून बाहेर आला होता, तो जागच्या जागी थांबला. सिस्टरबाईंचा चेहरा बदलला नाही. ‘हाव, नाईत,’ त्या म्हणाल्या. मग साराकडे वळून विचारलं, ‘मी जाऊ का आता?’

सारानं मान हलवली. नाही. तिला पुस्तक पूर्ण पाहायचं होतं. आणि ती बाई, मी एवढं बोलल्यावर, माझ्याच घरात पुढचा अर्धा तास चटईवर बसून राहिली, कारण लेकरानं जाऊ दिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच धुतलेली भांडी धुतली. पुस्तक संपल्यावर सारा म्हणाली, ‘आता जा.’ मग त्या गेल्या.

आम्ही काहीच बंद केलं नाही. कान भरून आला, तसं आमच्या डोक्यातूनही ते निघून गेलं. महिन्याभरात तरुणांचा रविवार होता, त्या दिवशी उपासना सगळी संघच चालवतो. जोएलचा बाप्तिस्मा आम्ही त्याच दिवशी ठेवला. पाहुणे तसेही येणार, जेवण तसंही होणार, गायनाची तयारी तशीही झालेली. एका दगडात सगळंच. सारा त्या सकाळी नवीन फ्रॉक घालून पुढच्या बाकावर एकटी बसली होती, कारण सासूबाई जेवणाकडे बघत होत्या, नवरा गिटार जुळवत होता आणि मी जोएलला कडेवर घेऊन माईक तपासत होते.

पाळकसाहेबांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. आम्ही ‘होय’ म्हटलं, चांगलं मोठ्यानं. मग मंडळीला तिसरा विचारला. मंडळी उभी राहिली, पुटपुटली, बाकं करकरली, शांत झाली. पाळकसाहेब सवयीनं थांबले.

आवाज आला नाही.

ते आणखी थांबले. लोक माना वळवून डाव्या दाराकडे बघायला लागले. मला वाटलं, झोपल्या की काय. सिस्टरबाई उभ्याच होत्या. त्या बाकावरून बाहेर आल्या, कॅनव्हासच्या बुटांनी हळूहळू पुढे चालत आल्या आणि म्हणाल्या, ‘पास्टर, मले जरा इचाराचं हाय.’ पाळकसाहेब तरुण होते, त्यांनी हातातलं पुस्तक खाली केलं. सिस्टरबाई साराच्या बाकापाशी वाकल्या. ‘तुह्यासाठी मी हाव म्हटलं होतं वं. ते काई मले निभवता आलं नाई. आता भावासाठी म्हणू का? तू सांग.’

सगळं चर्च ऐकत होतं. नवीन फ्रॉकातली माझी लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती जोएलकडे बघत होती. तिनं नीट विचार केला, घाई केली नाही, आणि म्हणाली, ‘नका म्हणू. मंग माह्यासारखं त्याले बी थांबा लागते.’

सिस्टरबाई सरळ झाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी कशीबशी प्रार्थना केली, पाणी लागल्यावर जोएल रडला, सगळ्यांना बरं वाटलं. जेवणाच्या मांडवात आमच्याशी सगळे फार प्रेमानं बोलले, आणि तेच सहन होईना. कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं चालत नाही आता. कोणी म्हणालं, कमिटीनं समज द्यावी. मी दोन्हींना मान डोलावली. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, ‘लोकांसमोर असं करतात का?’ तो म्हणाला, ‘नाई करत.’ मग गिटार भिंतीला टेकवून म्हणाला, ‘पण पोरगी खोटं बोलली का?’

त्या आठवड्यात तो संघाच्या मुलांशी बोलला. महिन्यातला एक शनिवार आम्ही घेऊ, बाकीचे तुम्ही सांभाळा. मला वाटलं, दोन महिन्यांत सगळं विस्कटेल आणि ते आपल्याकडे परत येतील. मनातून मी त्याची वाटही बघत होते. तसं काही झालं नाही. ज्या ताईनं चॉकलेट दिलं होतं तिनं संघ हातात घेतला आणि आमच्यापेक्षा वेळेवर सभा सुरू व्हायला लागल्या. हे मला फार लागलं. सुटलेल्या शनिवारी मी घरात इकडून तिकडे फिरे आणि सारा माझ्या मागे मागे फिरून विचारी, ‘आता कुठं जाचं आहे?’ कुठंच जायचं नाही, हे तिला पटेना.

सिस्टरबाईंशी मी बोलत नव्हते. त्या बुधवारी येत, साराला विचारून बसत, साराला विचारून जात. मी चहा पुढे ठेवी, त्या पीत. असे किती तरी बुधवार. शेवटी एका शनिवारी, करायला काही नव्हतं म्हणून म्हणा, मी दोन्ही लेकरांना घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. त्या घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय शेकत बसल्या होत्या. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि दाराआड ती सायकल.

‘मी चुकले,’ मी म्हटलं. ‘तुम्हाला मुलंबाळं नाहीत असं म्हणाले होते.’

‘ते तं खरं हाय. खऱ्याची माफी काय मांगते?’ त्यांनी पाय पाण्यातच हलवले. ‘चुकली तं मी. लोकायसमोर बोलाचं नोतं. घरी सांगतलं होतं, तं तू ऐकलं नाई. मंग मले दुसरी जागा कोनती होती?’

मग त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, ‘मले जिंदगीत कोणी काई इचारलं नाई वं. लग्न करशील का, नाई इचारलं. या वॉर्डात राहशील का त्या, नाई इचारलं. हजारो लेकरं या हातानं काढली अन् मायच्या कुशीत देली, पुढं त्यायचं काय झालं हे मले कोण सांगते? या चर्चमंदी तेवढं उभं करून इचारतात. करशील का? मले वाटे, एवढा एकच सवाल हाय आपल्यासाठी. त्याले बी खोटं बोलू का?’

मी घमेल्यात गरम पाणी घातलं. निघताना मी म्हटलं, ‘जोएलचं राहिलंय, सिस्टरबाई.’ त्या म्हणाल्या, ‘राहू दे. बोलाले लागला का त्यालेच इचारीन.’

त्यानंतरच्याच एका रविवारची गोष्ट. आता आम्ही महिन्यातून एकदाच गायन घेत होतो आणि त्या दिवशी माझी पाळी होती. पहिलं कडवं झालं, संघाचे पोट्टे मागे रांगेत, नवऱ्यानं गिटार उचललेली, भरलेलं चर्च माझ्यामागून गात होतं. आणि पुढच्या बाकावरून सारा उठली. सरळ पायऱ्या चढून वर आली. लोकांमध्ये हलका हशा झाला. तिनं माझ्या साडीचा पदर धरला आणि माईकला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘आई, पोट दुखते.’

मी एकदा समोर पाहिलं. दुसरं कडवं सुरू व्हायचं होतं. मी माईक जागेवर ठेवला, तिचा हात धरला आणि डाव्या दारानं तिला बाहेर घेऊन गेले.

बाहेर पायरीवर मी तिला बसवलं, खाली वाकून विचारलं, ‘कुठं दुखतं, दाखव.’ तिनं पोटावर हात ठेवला. मग जरा खाली सरकवला. मग पुन्हा वर. आतून दुसरं कडवं ऐकू येत होतं, माझ्याशिवाय, अगदी सुरात. सारानं माझ्या तोंडाकडे बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, ‘थांबलं.’ आणि उठून चिंचेखाली खेळणाऱ्या लेकरांकडे पळाली.

मी तिथंच पायरीवर बसले. सिस्टरबाई दारातून बाहेर डोकावल्या. ‘काय झालं?’

‘पोट दुखतं म्हणाली. आता थांबलं म्हणते.’

त्यांनी पळणाऱ्या साराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘पुढच्या आयतवारी बी दुखंल,’ त्या म्हणाल्या. ‘तवाबी येजो बाहेर.’ आणि आत जाऊन बसल्या.

दुखलंच. पुढच्या रविवारी मी बाकावर बसले होते, तर प्रवचनाच्या मध्येच दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत दुखलं. मी दर वेळी उठले, दर वेळी बाहेर गेले, दर वेळी कुठं दुखतं ते विचारलं, आणि एकदाही तिला खोटं का बोलतेस म्हणून विचारलं नाही. महिना झाला, पुन्हा माझी गायनाची पाळी आली. दुसऱ्या कडव्याला माझे डोळे आपोआप पुढच्या बाकाकडे गेले. सारा तिथंच होती. जोएलला मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवायला शिकवत होती, आणि तिचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.